दिल्लीचे ऊन आणि मोटारीचे प्लॅस्टिक

दिल्लीत थंडीचा कडाका ओसरू लागला, की जुन्या मोटारींचा एक मेळावा भरतो. ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ साली सुरू केलेली ही फेरी पाहण्यासाठी लहानथोर रस्त्याच्या कडेला दाटीने उभे राहतात. या फेरीतला एक जुना मानकरी म्हणजे १९१४ सालचा जॉन मॉरिस बनावटीचा आगीचा बंब. चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचा हा बंब शंभरी ओलांडूनही ताठ उभा आहे. त्याचे पितळ घासले की झळकते, लाकडावर रोगण चढवले की ते पुन्हा जिवंत दिसते, आणि एखादा भाग निकामी झालाच तर कुशल कारागीर तो हाताने घडवून बसवू शकतो.

याच चाणक्यपुरीत वकिलातींच्या प्रशस्त रस्त्यांवर, किंवा दक्षिण दिल्लीतील आणि गुरुग्राममधील सुखवस्तू वसाहतींत, आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेली एखादी उंची परदेशी बनावटीची मोटार उभी असते. तिचे इंजिन अजून कुरकुरत नाही. तिच्या पत्र्यावरचा रंग उन्हात तळपतो. परंतु जवळ जाऊन पाहावे, तर खिडकीखालची काळी पट्टी राखेसारखी करडी झालेली असते. पुढच्या दिव्यांवर पिवळट साय धरलेली असते. दार उघडावे तर आतल्या मुठीला बोट चिकटते. आणि डोक्यावर छताचे कापड झोळीसारखे लोंबत असते. लक्षावधी रुपयांची ही वस्तू, आणि तिला जरा आली ती यंत्रात नव्हे, धातूत नव्हे, तर ज्याच्याकडे खरेदीच्या दिवशी कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते त्या प्लॅस्टिकच्या साजात!

असे का व्हावे? आणि त्यावर काही उपाय आहे काय? प्रश्न वरवर पाहता श्रीमंतांच्या चैनीचा वाटेल. तथापि थोडे खोलवर गेले, की त्यात रसायनशास्त्र आहे, हवामान आहे, कायदा आहे, आणि रोज पहाटे बादली व फडके घेऊन गाड्या पुसणाऱ्या माणसाची भाकरीही आहे, हे ध्यानात येते.

प्रथम हे प्लॅस्टिक मोटारीत आले कसे, ते पाहू जाता विसाव्या शतकाच्या मध्यावर यावे लागते. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मान श्नेल या रसायनशास्त्रज्ञाने पॉलिकार्बोनेट हे काचेसारखे पारदर्शक, पण घणाच्या घावालाही सहजी न फुटणारे द्रव्य तयार केले. १९५४ साली इटलीत जूलिओ नात्ता यांनी कार्ल त्सीग्लर यांच्या उत्प्रेरकांचा उपयोग करून पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे सुव्यवस्थित रेणू जुळवले. या दोघांना पुढे १९६३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज मोटारीचे बंपर, चाकांवरच्या काळ्या कमानी, दारांचे अस्तर आणि डॅशबोर्डचा पुष्कळसा भाग पॉलिप्रॉपिलीन किंवा त्याच्या मिश्रणांचा असतो. पुढच्या दिव्यांचे आवरण पॉलिकार्बोनेटचे असते. आधुनिक मोटारीत प्लॅस्टिक वजनाने सुमारे एकदशांश, परंतु आकारमानाने जवळजवळ निम्मे असते, असे मानले जाते. वजन घटले की इंधन वाचते, साच्यातून हवा तो आकार मिळतो, आणि अपघातात पादचाऱ्यालाही पोलादापेक्षा प्लॅस्टिक कमी इजा करते. तेव्हा प्लॅस्टिक हे केवळ काटकसरीचे लक्षण नव्हे. त्याचा उपयोग करण्यात शहाणपण आहे. प्रश्न आहे तो त्याच्या आयुर्मर्यादेचा.

प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा गुंता. या साखळ्या जितक्या अखंड, तितके प्लॅस्टिक चिवट. सूर्यप्रकाशातील जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, जांभळ्या रंगाच्याही पलीकडचे म्हणून मराठीत ज्यांना जंबुपार किरण म्हणतात, त्यांच्यात या साखळीचे दुवे तोडण्याइतकी शक्ती असते. दुवा तुटला की तेथे एक अतिशय चंचल असा मुक्त मूलक उरतो. हवेतील ऑक्सिजन त्याला लगेच येऊन चिकटतो, त्यातून नवा मूलक निर्माण होतो, तो शेजारची साखळी तोडतो, आणि एका ठिणगीने गवताची गंजी पेटावी तशी ही विक्रिया पसरत जाते. रसायनशास्त्रात हिला प्रकाशजन्य ऑक्सिडीभवन म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूची रचनाच अशी आहे, की संरक्षणावाचून ते उन्हात फार काळ तग धरत नाही. त्याचा पृष्ठभाग प्रथम निस्तेज होतो, मग त्यावर सूक्ष्म भेगा पडतात. या भेगांवर प्रकाश विखुरतो, म्हणून काळी पट्टी करडी दिसू लागते. म्हणजे रंग उडालेला नसतो. कातडी फाटलेली असते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण उपायांची सारी दिशा त्यावर अवलंबून आहे.

कारखानदारांना हे ठाऊक नसते, असे नाही. म्हणूनच प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळतात. ती जंबुपार किरण स्वतः पिऊन टाकते. त्याखेरीज काही स्थिरकारी द्रव्ये मिसळतात, ती चंचल मूलकांना धरून शांत करतात. परंतु ही द्रव्ये म्हणजे कोठारातले धान्य होय. ती हळूहळू खर्च होतात, काही पृष्ठभागावर येऊन धुतली जातात. कोठार रिते झाले, की ऱ्हास झपाट्याने सुरू होतो. पाच-सहा वर्षे जी पट्टी जशीच्या तशी दिसत होती, ती एकाच उन्हाळ्यात कशी पालटली, याचे नवल मालकाला वाटते. वस्तुतः ऱ्हास पहिल्या दिवसापासूनच चालू असतो, केवळ तो दिसत नसतो.

आता दिल्लीकडे वळावे. जगभरच्या मोटार उद्योगात प्लॅस्टिकची कसोटी घेण्यासाठी दोन प्रदेश प्रमाणभूत मानले जातात. अमेरिकेतील ॲरिझोना हा कोरड्या प्रखर उन्हासाठी, आणि फ्लॉरिडा हा ऊन व दमटपणा यांच्या संगतीसाठी. नमुने तेथे उघड्यावर ठेवून, किंवा प्रयोगशाळेत झेनॉनच्या दिव्याखाली तसेच वातावरण निर्माण करून, त्यांच्या टिकाऊपणाचा अंदाज घेतला जातो. दिल्लीचे वैशिष्ट्य असे, की ती मे महिन्यात ॲरिझोना असते आणि ऑगस्टमध्ये फ्लॉरिडा. सफदरजंग वेधशाळेत २९ मे २०२४ रोजी ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले; त्याच वेधशाळेत ८ जानेवारी २०२३ रोजी पारा १.९ अंशांपर्यंत उतरला होता. एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीला हे दोन्ही टोकांचे हवामान सोसावे लागते.

त्यातही गाडीच्या आत काय चालते, हे निराळेच आहे. ॲरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बाहेर सुमारे ३८ अंश तापमान असताना उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ७० अंशांच्या घरात गेल्याचे आढळले. दिल्लीच्या मे महिन्यात बाहेरचे तापमान त्याहूनही अधिक असते. रासायनिक विक्रियांचा वेग दर दहा अंशांमागे साधारणतः दुप्पट होतो, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. तो लावला, तर सावलीतल्या आणि उन्हातल्या गाडीच्या आयुष्यात केवढे अंतर पडत असेल, याची कल्पना येते.

उष्णतेचा दुसरा परिणाम यांत्रिक आहे. एक मीटर लांबीची साध्या पॉलिप्रॉपिलीनची पट्टी पहाटेच्या पाच अंशांपासून दुपारच्या सत्तर अंशांपर्यंत तापली, तर ती सुमारे सहा मिलिमीटर लांबते. तेवढेच पोलाद एक मिलिमीटरही लांबत नाही. पोलादाच्या सांगाड्यावर बसवलेले प्लॅस्टिक अशा रीतीने वर्षानुवर्षे ताणले व आवळले जाते. मग त्याच्या लहान लहान खुंट्या मोडतात, सांधे सैल होतात, आणि खड्ड्यातून जाताना कोठून तरी खुळखुळ ऐकू येऊ लागते. मालक इंजिन तपासून घेतो. दोष मात्र चार खुंट्यांचा असतो.

उंची गाड्यांच्या बाबतीत आणखी एक विपरीत गोष्ट घडते. साध्या गाडीचे प्लॅस्टिक कडक व खरबरीत असते. त्याला कोणी सुंदर म्हणणार नाही, पण ते टिकते. उंची गाडीत बोटाला मखमलीचा भास व्हावा म्हणून बटणांवर, मुठींवर व कप्प्यांवर पॉलियुरेथेनचा मऊ लेप देतात. हवेतील बाष्प, उष्णता, हाताचा घाम आणि तेलकटपणा यांच्या योगाने या लेपाचे रेणू तुटतात आणि तो चिकट होतो. पाण्याने होणाऱ्या या विघटनाला जलीय अपघटन म्हणतात. छताच्या कापडामागे चिकटवलेला फोमही त्याच कुळातला. त्याचा भुगा झाला, की कापड सुटून लोंबते. कृत्रिम चामड्याला लवचीक ठेवणारे मृदुकारी द्रव्य उष्णतेने उडून जाते आणि समोरच्या काचेवर धुरकट थर होऊन बसते. नव्या गाडीच्या ज्या वासाचे कौतुक होते, त्या वासात अशा उडून जाणाऱ्या द्रव्यांचाही वाटा असतो. म्हणजे जो गुण म्हणून अधिक किंमत मोजली, तोच पुढे दुखण्याचे मूळ ठरतो. अमेरिकेतील उष्ण व दमट राज्यांत काही नामवंत जपानी गाड्यांचे डॅशबोर्ड असेच चिकट झाले आणि उत्पादकांना ते हमीची मुदत वाढवून बदलून द्यावे लागले, हा अलीकडचाच इतिहास आहे.

पुढच्या दिव्यांची कथाही अशीच. पूर्वी दिव्यांना काच असे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत नियम बदलले आणि काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट आले. ते फुटत नाही, हलके असते, हव्या त्या वळणाचे करता येते. परंतु जंबुपार किरणांनी ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यात त्यावर कठीण पारदर्शक लेप देतात. हा लेप झिजला, की दिवा आंधळा होऊ लागतो. येथे प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. जानेवारीच्या धुक्यात यमुना द्रुतगती मार्गावर जाणाऱ्या गाडीचे दिवे मंद असणे, हा जिवाशी खेळ आहे.

निसर्गाचे हे आघात झाले. आता माणसाच्या हातून होणारे पाहावेत. दिल्लीत राजस्थानकडून येणारी आंधी आणि बांधकामांची धूळ बाराही महिने गाड्यांवर बसते. या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, सूक्ष्म कण असतात. मोस यांच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक सातवा. चाकूचे पोलादही त्याहून मऊ असते, मग प्लॅस्टिकची काय कथा! वसाहतींमध्ये महिन्याच्या ठरावीक मोबदल्यावर गाड्या पुसणारा माणूस पहाटे एकच बादली आणि एकच फडके घेऊन दहा-वीस गाड्या पुसतो. तिसऱ्या गाडीपाशीच बादलीतले पाणी गढूळ झालेले असते. पुढच्या प्रत्येक गाडीवर तो नकळत बारीक पॉलिशकागद फिरवत जातो. दारांमधल्या चकचकीत काळ्या खांबांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे ओरखडे दिसतात, ते याच फडक्याचे. मालक त्या माणसाला बोल लावतो, प्रसंगी पैसे कापतो. परंतु त्याला दुसरी बादली कोणी दिली? नळ किती दूर आहे, हे कोणी पाहिले? दोन स्वच्छ फडकी आणि बदललेले पाणी एवढी सोय मालकानेच करून दिली, तर त्या माणसाची अब्रू राहते आणि गाडीची कातडीही.

याहून घातक म्हणजे धुलाईकेंद्रांतील काही रूढी. पट्ट्या काळ्याभोर दिसाव्यात म्हणून त्यांवर डिझेल किंवा रॉकेल फिरवतात. क्षणभर पट्टी नवी दिसते खरी. परंतु ही तेले रबर फुगवतात, प्लॅस्टिकमधील द्रव्ये ओढून घेतात, आणि वर धूळ धरून ठेवतात. बाजारात मिळणारी झगझगीत चमक देणारी काही तेलकट पॉलिशेही याच जातीची. डॅशबोर्डवर ती लावली, की त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून चालकाचे डोळे दिपतात, हा वेगळाच धोका. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण अशा चकाकीला तंतोतंत लागू पडते.

निदान चुकले की औषध चुकते, हा वैद्यकाचा नियम येथेही लागू आहे. युरोपीय गाड्यांच्या खिडक्यांभोवतीच्या रुपेरी पट्ट्यांवर दुधाळ पांढरे डाग पडतात. मालक समजतो, की प्लॅस्टिक खराब झाले. वास्तविक या पट्ट्या पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांवर विद्युत्-रासायनिक क्रियेने ऑक्साइडचा रक्षक थर दिलेला असतो, आणि अतिक्षारीय साबणाने तो थर खाल्ला जातो. अशा पट्टीवर प्लॅस्टिकचे मलम लावून काही उपयोग नाही. तेथे साबण बदलला पाहिजे. त्याचप्रमाणे वायपरच्या रबराला ज्या आडव्या भेगा पडतात, त्यांत उन्हाइतकाच ओझोनचा हात असतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात वाहनांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो नैसर्गिक रबराच्या रेणूंवर नेमका हल्ला चढवतो. असा वायपर दुरुस्त होत नाही; तो बदलावाच लागतो.

आता उपायांचा विचार. सर्वांत थोर उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि तो म्हणजे सावली. नवी दिल्लीच्या रचनाकारांनी अकबर रोडला चिंच आणि जनपथाला अर्जुन अशी रस्तोरस्ती झाडे लावली. त्यांच्या छायेत उभ्या असलेल्या गाडीचे आयुष्य खचितच वाढते. मात्र झाडाखाली पक्ष्यांची विष्ठा व चिकट रस पडतो, जुलैत जांभळांचे डाग पडतात. ते त्याच दिवशी भिजवून काढले, तर हानी होत नाही. वाळू दिले, तर होते. छत मिळत नसेल, तर गाडीचे तोंड दक्षिण-पश्चिमेकडे न करता उभी करावी. दुपारचे प्रखर ऊन समोरच्या मोठ्या काचेतून थेट आत येऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

दुसरा उपाय म्हणजे समोरच्या काचेच्या आतून लावण्याचा रुपेरी परावर्तक पडदा. तो काही शे रुपयांत मिळतो आणि घडी करून ठेवता येतो. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे जंबुपार किरण जवळजवळ सारे तेथेच अडतात. परंतु उष्णता अडत नाही, आणि बाजूच्या साध्या काचांमधून त्या किरणांचा काही भागही आत येतोच. पडदा उष्णतेला बाहेरच्या बाहेर परतवतो. काचांवर काळी फिल्म चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेल्या निकालाने काळ्या फिल्मना मनाई केली. पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे नियम सांगतो.

तिसरा उपाय धुण्याच्या रीतीचा. कोरड्या धुळीवर फडके फिरवणे हे सर्वथा वर्ज्य समजावे. आधी पाण्याने धूळ ओघळू द्यावी, मग सौम्य साबण आणि मऊ सूक्ष्मतंतू कापड वापरावे. दोन बादल्या असाव्यात, एक साबणाची व एक फडके पिळण्याची. दिल्लीत उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. तेव्हा रोज अर्धवट पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुणे पाण्याच्या आणि गाडीच्या अशा दोन्ही दृष्टींनी हिताचे.

चौथा उपाय लेपाचा. स्वच्छ धुऊन वाळवलेल्या बाहेरच्या काळ्या प्लॅस्टिकवर पाण्यात मिसळलेले, जंबुपार किरण शोषणारे द्रव्य असलेले मलम दर एक-दोन महिन्यांनी पातळ हाताने लावावे. त्याहून टिकाऊ असे सिलिकायुक्त लेप मिळतात, त्यांना व्यवहारात सिरॅमिक कोटिंग म्हणतात. दिव्यांवर आणि चकचकीत खांबांवर पारदर्शक संरक्षक फिल्मही बसवता येते. परंतु हे सर्व गाडी नवी असताना केले तरच सार्थकी लागते. फाटलेल्या कातडीवर लेप दिला, तर भेगा भरून काही काळ काळेपणा येतो. तो भास होय, आरोग्य नव्हे. ज्वालेच्या झोताने पट्टी भाजून काळी करण्याची युक्तीही तशीच. वरचा थर वितळून सपाट होतो, पण संपलेले स्थिरकारी द्रव्य परत येत नाही, उलट उष्णतेने आणखी झीज होते.

पिवळ्या दिव्यांवर पुष्कळ लोक दंतमंजनाचा लेप घासतात. त्यातील खरखरीत कणांनी वरची साय निघते आणि दिवा उजळतो. पण त्याबरोबर उरलासुरला रक्षक लेपही निघून जातो, आणि थोड्याच महिन्यांत दिवा पूर्वीहून अधिक पिवळा होतो. घासून झाल्यावर त्यावर जंबुपार किरण अडवणारा नवा लेप देणे अपरिहार्य आहे. चिकट झालेल्या बटणांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसले, तर कुजलेला मऊ लेप निघून खालचे कडक प्लॅस्टिक उघडे पडते. मात्र आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात परीक्षा करावी. बटणावरची चिन्हे लेपाबरोबर निघून जाण्याचा संभव असतो, आणि पडद्याच्या काचेवर हा प्रयोग करूच नये. दारांच्या रबरी कडांना सिलिकोनचे वंगण वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी आणि हिवाळ्यापूर्वी, लावले की पुरते.

एवढी यातायात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात या प्रश्नाला एक विशेष धार आहे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१५ साली दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना येथील रस्त्यांवर मनाई केली. पेट्रोल गाड्यांची मर्यादा पंधरा वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी ती कायम केली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून कठोर कारवाई न करण्याचा आदेश दिला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण भारत-चार व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते सीमित केले. या साऱ्या अनिश्चिततेचा परिणाम असा, की दिल्लीतील उंची डिझेल गाड्या दहाव्या वर्षाच्या आसपास उतरत्या किमतीला निघतात आणि ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्यांत जातात. त्यांत महाराष्ट्रही आला. गंमत अशी, की त्यांतल्या कित्येक गाड्या मुळात पुण्याजवळील चाकणला किंवा छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्र्याला जुळवलेल्या असतात. माहेरून सासरी गेलेली लेक दिल्लीचे दहा उन्हाळे सोसून परत येते, आणि नाशिकचा किंवा कोल्हापूरचा ग्राहक तिची चकाकी पाहून भुलतो.

अशा ग्राहकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंतर दाखवणारे आकडे मागे फिरवता येतात, पत्र्याला नवा रंग देता येतो, बैठकींना नवी आवरणे चढवता येतात. परंतु न दिसणाऱ्या कोपऱ्यातले प्लॅस्टिक खोटे बोलत नाही. बॉनेट उघडून कडेच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या हाताने दाबून पाहाव्यात. त्या कडकन मोडल्या, तर गाडी उन्हात वाढली आहे. दारातील कप्प्याच्या आत बोट फिरवावे, छताचे कापड कडेला हलकेच दाबावे, दिव्याच्या वरच्या काठाकडे तिरप्या नजरेने पाहावे. उंची गाडीत दिव्याचा किंवा डॅशबोर्डचा एकच लहान भाग सुटा मिळत नाही. अनेकदा अख्खा जोडच घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च ऐकून स्वस्तात मिळालेल्या गाडीचा आनंद ओसरतो. दिल्लीच्या मायापुरी भागातील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात असे जोड शोधणाऱ्यांची वर्दळ असते, ती याच कारणाने. मात्र तेथे मिळणाऱ्या भागानेही तेच ऊन सोसलेले असते, हे विसरून चालत नाही.

आणि जे प्लॅस्टिक टाकून दिले जाते, त्याचे काय? पोलाद वितळवून पुन्हा पोलाद होते. मोटारीतील प्लॅस्टिक मात्र अनेक जातींचे, रंगांचे, लेपांचे मिश्रण असते. ते वेगळे करणे कष्टाचे आणि खर्चाचे. उन्हाने ज्याचे रेणू तुटले आहेत, त्याचा पुनरुपयोगही दुय्यम कामासाठीच होतो. म्हणून एखादी पट्टी चार वर्षे अधिक टिकवणे, ही मालकाच्या खिशाची बचत आहेच. शिवाय ती धरित्रीवरच्या भाराचीही तेवढीच बचत आहे.

चाणक्यपुरीच्या संग्रहालयातला तो बंब शंभर वर्षे टिकला, तो केवळ पितळेचा होता म्हणून नव्हे. कोणीतरी त्याला छपराखाली ठेवले, कोणीतरी पुसले, योग्य वेळी तेल दिले, आणि काय लावू नये हे कोणाला तरी ठाऊक होते. प्लॅस्टिकला पितळेचे आयुष्य लाभणार नाही. जे रेणू तुटले ते जोडता येत नाहीत. परंतु ते तुटण्याचा वेग माणसाच्या हाती आहे. एक सावली, एक पडदा, दोन बादल्या आणि पहाटे गाडी पुसणाऱ्या माणसाला सांगितलेले दोन समजुतीचे शब्द, एवढ्याने दिल्लीच्या उन्हाशी पुष्कळ काळ सामना देता येतो.